प्रिड्झ उपसागराच्या काठावरची एक टेकडी आणि तिचं नाव

प्रश्न थोडक्यात असा होता: अंटार्क्टिकाच्या नकाशावर भारताच्या भारती या संशोधन तळाच्या पश्चिमेला, समुद्राला लागून, माउंट कॅरोलिन मिकेल्सन नावाची २३५ मीटरची छोटी टेकडी दिसते. जिथे माणसाची वस्ती कधी नव्हतीच, तिथल्या टेकडीला किंवा भूशिराला नाव देतं कोण? आधी नकाशा होतो की आधी नाव? एकाच जागेला दोन-दोन नावं का सापडतात? आणि भारताला तिथे नाव देता येतं का?

माझी सगळी नोकरी जलसर्वेक्षणात गेली. गोव्यात नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत किनारा मोजायला शिकलो, पुढे ध्रुवीय किनाऱ्यांचे चार्ट, म्हणजे सागरी नकाशे, हाताळले. त्यामुळे उत्तर मोजणीच्या बाजूने देतो. माझ्या मते ते तिथूनच द्यायला हवं. जागा आधी ठरते, नाव तिच्यावर मागून बसतं. जागा कच्ची राहिली तर नाव कितीही मोठ्या माणसाचं असो, ते नकाशावर भरकटत राहतं.

तुमच्या टेकडीपासूनच सुरुवात करू. तिला नाव दिलं क्लारियस मिकेल्सन या नॉर्वेजियन कप्तानाने, फेब्रुवारी १९३५ मध्ये. त्याचं जहाज थोर्सहावन. मालक लार्स क्रिस्टेन्सेन, सॅनफ्योर या नॉर्वेतल्या बंदरातले देवमाशांच्या शिकारीचे मोठे उद्योगपती. क्रिस्टेन्सेन यांनी धंद्याबरोबर शोधमोहिमाही चालवल्या. शिकारीसाठी दक्षिणेत गेलेल्या जहाजांनी अनोळखी किनारा दिसला तर तो टिपून आणायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या उन्हाळ्यात मिकेल्सनने प्रिड्झ उपसागराच्या आग्नेय बाजूचा किनारा गाठला आणि त्याला मालकाच्या पत्नीचं नाव दिलं: इंग्रिड क्रिस्टेन्सेन किनारा. आजच्या नकाशांवर तो साधारण ७२°३३′ पूर्व ते ८१°२४′ पूर्व असा दाखवतात. बर्फ नसलेल्या एका मोठ्या खडकाळ प्रदेशाला वेस्टफोल्ड टेकड्या म्हटलं, कारण सॅनफ्योर ज्या परगण्यात येतं तो वेस्टफोल्ड. आज भारती तळ ज्या टेकड्यांत उभा आहे त्या लार्समन टेकड्याही त्याच मोहिमेत नकाशावर आल्या. आणि किनाऱ्यावरच्या एका टेकडीला त्याने स्वतःच्या पत्नीचं, कॅरोलिनचं नाव दिलं. ती त्या सफरीत जहाजावरच होती.

खुद्द उपसागराचं नावही याच वर्तुळातलं आहे. ओलाफ प्रिड्झ हे सॅनफ्योरमधल्या देवमासे-व्यावसायिकांच्या विमा संस्थेचे सरव्यवस्थापक होते. त्यामुळे या किनाऱ्याचा नकाशा वाचला की १९३० च्या दशकातलं एक अख्खं बंदर डोळ्यांपुढे येतं: मालक, मालकीण, कप्तान, कप्तानाची बायको, विमावाला. काही जणांना हे खटकतं. मला ते मोलाचं वाटतं, कारण तिथवर जहाज कोणाच्या पैशाने आणि कशासाठी पोहोचलं याची ती खरी नोंद आहे.

आता मोजणी. जहाजावरून अनोळखी किनारा मोजायच्या पद्धतीला धावतं सर्वेक्षण म्हणतात. जहाज किनाऱ्याला समांतर चालत राहतं. ठरावीक अंतराने अधिकारी दिसणाऱ्या प्रत्येक ठळक खुणेचं बेअरिंग घेतो, म्हणजे ती खूण कोणत्या दिशेला, किती अंशांवर आहे ते टिपतो. सुळका, भूशिराचं टोक, हिमनदीची कड, काहीही चालतं. जहाज पुढे सरकलं की त्याच खुणेचं दुसरं बेअरिंग, मग तिसरं. मधल्या वेळात जहाज किती चाललं ते लॉग हे अंतर मोजणारं उपकरण सांगतं. कागदावर या रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात तिथे ती खूण. तिन्ही रेषा क्वचितच एका बिंदूत मिळतात. बहुतेक वेळा छोटासा त्रिकोण उरतो आणि त्याचा आकार पाहून मोजणी किती विश्वासाची ते कळतं. जुन्या सर्वेक्षण-पत्रकांवर हे त्रिकोण पाहायला मिळाले तर जरूर पाहा. छापील चार्टवर ते पुसलेले असतात आणि रेघ एकसारखी ठाम दिसते.

पण या रेषा ज्या जहाजावरून काढल्या ते जहाज स्वतः कुठे होतं? अक्षांश मिळवणं त्या मानाने सोपं. भर दुपारी सूर्य सर्वांत वर असताना सेक्स्टंटने त्याची उंची मोजायची आणि पंचांगाशी पडताळायची. रेखांशासाठी मात्र क्रोनोमीटर हवा, म्हणजे ग्रीनविचची वेळ अचूक सांभाळणारं घड्याळ. घड्याळ चार सेकंद चुकलं तर रेखांश एक मिनिटाने चुकतो. विषुववृत्तावर ही चूक जवळपास १.८५ किलोमीटर होते. भारतीच्या अक्षांशावर, म्हणजे ६९°२४′ दक्षिणेला, रेखावृत्तं जवळ आलेली असल्याने तीच चूक साधारण ६५० मीटर भरते. ध्रुवाकडे निसर्गाने दिलेली ही एवढीच सवलत.

बाकी सगळं तिथे विरोधातच जातं. होकायंत्राचं पाहा. चुंबकीय दक्षिण ध्रुव तिथून फार दूर नाही, त्यामुळे प्रिड्झ उपसागरात सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे ८० अंश पश्चिमेकडे वळलेली असते. सुईला दिशा देणारा आडवा जोर कमी असल्याने ती आळशीही होते, जहाज वळलं तरी लवकर स्थिरावत नाही. या सुईवर बेअरिंग घ्यायची म्हणजे वारंवार सूर्याशी पडताळत राहावं लागतं, आणि सूर्य ढगाआड असेल तर थांबावं लागतं.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे अंतराचा अंदाज. जहाजाच्या डेकवरून, समुद्रसपाटीपासून दहा मीटरवरून पाहणाऱ्याला क्षितिज अकराएक किलोमीटरवर दिसतं. २३५ मीटरची टेकडी त्याला साध्या भूमितीनेच ६५ किलोमीटरवरून दिसू लागते. वर ध्रुवीय हवेचा परिणाम वेगळा. बर्फालगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असली की प्रकाश वाकतो आणि क्षितिजापलीकडच्या कड्याची प्रतिमा वर उचललेली दिसते. हवा इतकी स्वच्छ असते की रंग फिका पडत नाही, धुरकटपणा नसतो. आपल्या कोकणात डोंगर जितका निळसर तितका लांब, असं डोळ्याला सवयीने कळतं. तिथे हा हिशेब चालत नाही. झाड नाही, घर नाही, माणूस नाही, म्हणजे मापाला काहीच नाही. म्हणून अनुभवी अधिकारीसुद्धा चाळीस किलोमीटरवरचा कडा पंधरावर मांडून ठेवतात. यात अप्रामाणिकपणा नसतो, त्यांना तो खरोखर तिथेच दिसलेला असतो.

जागा कच्ची असताना नाव दिलं तर काय होतं याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण अटलांटिकमधलं आहे. १ जानेवारी १७३९ रोजी बूव्हे द लोझिए या फ्रेंच नाविकाला धुक्यात बर्फाच्छादित उंच जमीन दिसली. तो दिवस ख्रिस्ती पंचांगात येशूच्या सुंतेचा सण, म्हणून त्याने तिला केप सर्कम्सिजन म्हटलं. त्याच्या समजुतीप्रमाणे हे दक्षिण खंडाचं भूशिर होतं. उतरता आलं नाही, जमिनीला वळसा घालता आला नाही, आणि चांगला क्रोनोमीटर तेव्हा अस्तित्वातच नव्हता. नोंदवलेला रेखांश काही अंशांनी चुकला. पुढे कॅप्टन कुकने १७७२ मध्ये आणि पुन्हा १७७५ मध्ये हे भूशिर शोधलं. कुककडे तोवर हॅरिसन या इंग्रज कारागिराच्या अचूक सागरी घड्याळाची उत्तम प्रतिकृती होती, स्वतःचा रेखांश त्याला नेमका कळत होता. त्यामुळे तो अचूकपणे चुकीच्या जागी पोहोचला. तिथे काहीच नव्हतं. बूव्हेला हिमनगच दिसला असणार, असा निष्कर्ष त्याने काढला.

जमीन खरी होती. १८०८ मध्ये एका ब्रिटिश शिकारी जहाजाला ती पुन्हा दिसली. १८२५ मध्ये नॉरिस नावाच्या कप्तानाने तिला लिव्हरपूल बेट हे नवं नाव दिलं आणि ईशान्येला आणखी एक, थॉम्पसन बेट पाहिल्याची नोंद केली. एकाच बेटाची दोन नावं झाली आणि शेजारी तिसरं आलं. नेमकी जागा ठरली ती १८९८ मध्ये, वाल्दिविया या जर्मन शास्त्रीय जहाजामुळे. तेव्हा कळलं की हे खंडाचं टोक नसून एकटं ज्वालामुखी बेट आहे. थॉम्पसन बेट मात्र कोणालाच सापडलं नाही, तरी विसाव्या शतकात शिरूनही ते काही नकाशांवर टिकून होतं. कागदावरून बेट पुसायला ते काढण्यापेक्षा जास्त धाडस लागतं, कारण न पुसता कोणी आपटलं नाही तर दोष येत नाही, पुसल्यावर कोणी आपटलं तर येतो. १ डिसेंबर १९२७ रोजी नॉर्व्हेगिया हे जहाज तिथे पोहोचलं, लोक उतरले आणि बेटाची नीट पाहणी झाली. ते जहाज पाठवलं होतं याच लार्स क्रिस्टेन्सेन यांनी. बेटाला आज बूव्हे म्हणतात, आणि केप सर्कम्सिजन हे नाव त्याच्या वायव्य टोकावर अजून आहे. नावाला आपली जागा मिळायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

पुन्हा प्रिड्झ उपसागराकडे येऊ, कारण तिथली गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. २० फेब्रुवारी १९३५ रोजी मिकेल्सन, कॅरोलिन आणि काही खलाशी वेस्टफोल्ड टेकड्यांच्या परिसरात होडीने किनाऱ्याला लागले. दगडांची रास रचली, लाकडी काठी रोवली, नॉर्वेचा झेंडा चढवला. अंटार्क्टिकावर पाय ठेवणारी पहिली स्त्री म्हणून कॅरोलिनचं नाव त्यानंतर अनेक ठिकाणी छापलं गेलं. पण उतरले ती जागा नेमकी कोणती? मुख्य भूमी की किनाऱ्याजवळचं बेट? तिथे बेटं आणि खाड्या इतक्या गुंतलेल्या आहेत की होडीतून पाहणाऱ्याला दोन्हीतला फरक कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मोहिमांना ती रास १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये सापडली. ती ट्रीने बेटांवर आहे. म्हणजे कॅरोलिन उतरली ती मुख्य भूमीवर नव्हे. म्हणूनच संरक्षित ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ७२ व्या क्रमांकाला ही रास नोंदवताना पूर्व अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री असे शब्द वापरले आहेत. मुख्य भूमीवर उतरणारी पहिली स्त्री कोण, याचं उत्तर म्हणून बरेच अभ्यासक आता इंग्रिड क्रिस्टेन्सेन यांचं नाव घेतात. ३० जानेवारी १९३७ रोजी त्या बऱ्याच पश्चिमेला, स्कलिन मोनोलिथ या समुद्रातून उठलेल्या प्रचंड कड्यापाशी उतरल्या होत्या. दोन स्त्रियांच्या इतिहासातल्या जागा अखेर एका दगडाच्या राशीच्या अक्षांश-रेखांशांवर ठरल्या. मला माझ्या कामाबद्दल आदर वाटतो तो अशाच ठिकाणी.

त्या १९३६-३७ च्या सफरीत क्रिस्टेन्सेन यांनी विमान नेलं होतं. विगो विडरो या वैमानिकाच्या नेतृत्वाखाली किनाऱ्याची दोन हजारांहून जास्त तिरकी छायाचित्रं घेतली गेली. त्यांवरून काढलेले नकाशे नॉर्वेत १९४६ साली छापले गेले आणि लार्समन टेकड्यांतले दोन मोठे द्वीपकल्प, स्टोर्नेस आणि ब्रोकनेस, आकारासकट पहिल्यांदा कागदावर उतरले. त्याच सफरीत इंग्रिड, त्यांची मुलगी ऑगस्टा सोफी, लिलेमोर राख्लेव आणि सोल्वेग विडरो अशा चार स्त्रिया होत्या. प्रिड्झ उपसागरातल्या समुद्राखालच्या एका उथळ पट्ट्याला फोर लेडीज बँक म्हणतात ते या चौघींवरून.

छायाचित्रातून नकाशा करायचा तर त्यातले काही बिंदू जमिनीवर जाऊन मोजलेले असावे लागतात. त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. शेताच्या मोजणीला आलेला भूकरमापक आधी जुने हद्दीचे दगड शोधतो, ते सापडल्याशिवाय साखळी टाकत नाही, तसंच हे आहे. १९४६-४७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या हायजंप मोहिमेने अंटार्क्टिकाची सत्तर हजारांच्या आसपास हवाई छायाचित्रं घेतली, पण जमिनीवरचे बिंदू जवळजवळ नव्हते. म्हणून पुढच्याच उन्हाळ्यात विंडमिल नावाची छोटी मोहीम हेलिकॉप्टरं घेऊन आली. किनाऱ्यावरच्या निवडक खडकांवर उतरायचं, सूर्य मोजायचा, जागा ठरवायची, एवढंच तिचं काम. इतिहासात हायजंपचं नाव गाजलं. माझ्यासारख्याला विंडमिलबद्दल जास्त जिव्हाळा, कारण तिच्यामुळे त्या ढिगातल्या कित्येक छायाचित्रांना अर्थ आला.

हायजंपची छायाचित्रं अभ्यासून जॉन रॉस्को या अमेरिकी तज्ज्ञाने १९५२ मध्ये या भागातल्या बऱ्याच हिमनद्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना ध्रुवीय संशोधनाच्या नियतकालिकांची नावं दिली: पोलर रेकॉर्ड, पोलर टाइम्स, पोलारफोर्शुंग, इल पोलो. त्या हिमनद्या जिथे समुद्रावर उतरतात तो आईस शेल्फ, म्हणजे जमिनीवरून वाहत येऊन पाण्यावर तरंगणारा जाड बर्फ, तो झाला पब्लिकेशन्स आईस शेल्फ. तुमची माउंट कॅरोलिन मिकेल्सन त्याच्या पश्चिम टोकाला आणि स्टोर्नेस पूर्व टोकाला. या दोघांमध्ये ग्रंथालयाचं एक कपाट वसवलेलं आहे. मला ही नावं मनापासून आवडतात. त्या खंडाचं ज्ञान ज्यांनी छापून टिकवलं त्यांची आठवण त्याच जमिनीवर ठेवली गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण नवीन लोकांचा गोंधळ तिथेच होतो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापैकी उघडा खडक फक्त पाचेक टक्के आहे. उरलेला किनारा बर्फाचा, आणि बर्फाचा किनारा जागेवर राहत नाही. प्रिड्झ उपसागराच्या पश्चिम अंगाला असलेल्या अमेरी आईस शेल्फचा १,६३६ चौरस किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर २०१९ मध्ये एकदम सुटून गेला. आदल्या आठवड्यातला चार्ट तिथे चुकीचा ठरला. म्हणून चांगल्या ध्रुवीय चार्टवर बर्फाची कड दाखवताना ती कोणत्या वर्षी तिथे होती ते लिहिलेलं असतं. साल न लिहिलेली बर्फाची कड मी अपुरी नोंद मानतो. कंट्रोल पॉइंट मात्र नेहमी खडकावर. लार्समन टेकड्या, वेस्टफोल्ड टेकड्या, कॅरोलिन मिकेल्सनसारखं एखादं टेकाड, या जागा मोजणीला आणि नावाला इतक्या महत्त्वाच्या का, हे यातून लक्षात येईल. शंभर वर्षांनी परत गेलं तरी त्या तिथेच असतात.

आज हे काम उपग्रह आणि जीपीएसवर चालतं, खोली बहुकिरणी इको साउंडरने मोजतात. तरी नवल वाटेल, पण उपग्रहाला पाण्याखालचा खडक दिसत नाही, आणि किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्रबर्फामुळे सर्वेक्षण नौका बऱ्याच ठिकाणी आत जाऊच शकत नाही. अंटार्क्टिक समुद्राचा मोठा भाग अजून आधुनिक पद्धतीने मोजलेला नाही. तिथल्या चार्टवर आकड्यांची एकच ओळ एखाद्या जुन्या जहाजाच्या वाटेने गेलेली आणि दोन्ही बाजूंना पांढरा कागद, असं दृश्य नेहमीचं आहे. कप्तान त्या ओळीवरूनच जहाज नेतात.

नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हा तुमचा मूळ प्रश्न. एकट्या कोणाचाच नाही. अंटार्क्टिक करारावर १ डिसेंबर १९५९ रोजी सह्या झाल्या, तो २३ जून १९६१ पासून लागू झाला आणि त्याच्या चौथ्या कलमाने प्रदेशावरचे सगळे दावे होते तिथे गोठवले. करार लागू असताना केलेल्या कोणत्याही कृतीने नवा हक्क निर्माण होत नाही. त्यात नाव देणंही आलं. मिकेल्सनने १९३५ मध्ये झेंडा चढवला तेव्हा तो किनारा ब्रिटनने १९३३ च्या आदेशाने ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात दिलेल्या पट्ट्यात आधीच मोडत होता. नॉर्वेने पुढे १९३९ मध्ये जो दावा केला तो ४५° पूर्वेपर्यंतच थांबतो. झेंड्यातून काही निष्पन्न झालं नाही, पण नावं राहिली, आणि ऑस्ट्रेलियाच्या नकाशांनीही ती सांभाळली.

प्रत्यक्षात नावं देतात त्या त्या देशाच्या नाव समित्या. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, रशिया, चीन, बल्गेरिया, प्रत्येकाची वेगळी व्यवस्था. एकट्या बल्गेरियाने हजाराहून अधिक नावं दिली आहेत. ही सगळी नावं अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीच्या, म्हणजे स्कारच्या, एकत्रित नामसूचीत जमा होतात. तिच्यात ३७,००० हून जास्त नावं आहेत आणि ती ज्या भूरूपांची आहेत त्यांची संख्या १९,००० च्या आसपास. या दोन आकड्यांतलं अंतर हेच तुमच्या 'दोन-दोन नावं का' या प्रश्नाचं उत्तर. लार्समन टेकड्यांत ऑस्ट्रेलिया, रशिया, चीन आणि भारत या चारही देशांचे तळ आहेत. नॉर्वेच्या नकाशातला ब्रोकनेस चिनी संशोधकांच्या लेखांत मिरर पेनिन्सुला म्हणून भेटतो. दोन भूगर्भतज्ज्ञ एकाच खडकावर काम करून वेगवेगळ्या नावांनी छापतात आणि तिसऱ्याला वाटतं दोन जागा आहेत. संशोधनात हे निस्तरता येतं. हेलिकॉप्टरने जखमी माणसाला आणायचं असेल आणि रेडिओवर एक तळ एक नाव सांगत असेल, दुसरा दुसरं, तर वेळ जातो. म्हणून तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाने नावाबरोबर अक्षांश-रेखांश बोलायची सवय लावून घ्यावी. नाव विसरलं तरी चालेल.

दुहेरी नावाचा गुंता समंजसपणे सोडवल्याचा एक नमुना याच कप्तान मिकेल्सनशी जोडलेला आहे. स्कलिन मोनोलिथ हे नाव मॉसन या ऑस्ट्रेलियन शोधकाच्या मोहिमेने फेब्रुवारी १९३१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन पंतप्रधानांवरून दिलं. त्याच जानेवारी-फेब्रुवारीत नॉर्वेच्या शिकारी जहाजांनीही तो कडा टिपला होता आणि त्याला क्लारियस मिकेल्सनचं नाव दिलं होतं. शेवटी कड्याचं नाव स्कलिन राहिलं आणि त्याच्या सर्वोच्च शिखराला मिकेल्सन शिखर म्हटलं गेलं. दोन्ही मोहिमांची नोंद राहिली, कोणी पुसलं गेलं नाही. जुनं नाव बदलून नवं घुसवण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी बरा वाटतो.

नियम आता कडक आहेत. अमेरिकेच्या समितीचे निकष नात्यातल्या किंवा मैत्रीतल्या व्यक्तीचं नाव केवळ त्या नात्यापोटी स्वीकारत नाहीत, आणि कंपनीच्या मालाचं किंवा पाळीव प्राण्याचं नाव तर नाहीच नाही. मोठी भूरूपं मोठ्या कामासाठी, छोटी टोकं आणि खडक तिथे प्रत्यक्ष राबलेल्यांसाठी, अशी साधारण उतरंड आहे. या कसोटीवर आज कॅरोलिनचं किंवा इंग्रिडचं नाव लागलं नसतं. नियम योग्यच आहेत. पण म्हणून १९३५ ची नावं काढावीत असं सुचवणाऱ्यांशी मी सहमत नाही. दगडाची रास जशी पुरावा ठरली तशीच नावंही पुरावा आहेत.

भारताबद्दल. भारत १९८३ पासून करारात आहे आणि त्याच वर्षापासून निर्णयप्रक्रियेत त्याला मत आहे. पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती आणि आजही सगळा कारभार वास्को द गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे मोजणीदार मोहिमांत जातात. शिर्माखर ओअ‍ॅसिस या बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यात, भारताच्याच मैत्री तळाजवळ, प्रियदर्शिनी तलाव आणि दक्षिण गंगोत्री हिमनदी ही भारतीय नावं रुळलेली आहेत, संशोधनपत्रिकांतही वापरली जातात. भारती मात्र २०१२ पासून अशा टेकड्यांत आहे जिथे ठळक टोकांना बहुधा आधीच नाव आहे. तिथे नवं नाव द्यायचं तर ते ज्या भूरूपाला अजून नावच नाही आणि ज्याचा आपल्याला कामासाठी रोज उल्लेख करावा लागतो, त्यालाच द्यावं: एखादी छोटी खाडी, हेलिकॉप्टर उतरतं तो खडक, नमुने घेतात तो तलाव. गरज नसताना नकाशा भरू नये.

प्रस्ताव करायचा तर कागदपत्रं अशी लागतात. भूरूपाचा प्रकार, मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश आणि ते कोणत्या डेटमवर, म्हणजे मोजणीच्या कोणत्या आधार-चौकटीवर, कशाने मोजले ते. उंची किंवा विस्तार, आसपासच्या दोन नावाजलेल्या जागांपासूनचं अंतर आणि दिशा. छायाचित्र, शक्यतो समुद्राकडून आणि वरून दोन्ही. पहिल्यांदा कोणी, कधी पाहिलं वा मोजलं. नाव का सुचवलं त्याचं दोन ओळींचं कारण. आणि सर्वांत आधी करायचं काम: स्कारच्या नामसूचीत त्या अक्षांश-रेखांशाभोवती शोध घ्यायचा, नावाने नाही. दुसऱ्या कोणी आधीच नाव दिलेलं असेल तर तेच वापरायचं आणि प्रस्ताव मागे घ्यायचा. नसेल तर देशाच्या अधिकृत यंत्रणेमार्फत तो पुढे जातो आणि मान्य झाल्यावर सूचीत चढतो. माउंट कॅरोलिन मिकेल्सनची नोंदही त्याच सूचीत आहे. ६९°४५′ दक्षिण, ७४°२४′ पूर्व असं शोधून पाहा, म्हणजे अशी नोंद कशी लिहिलेली असते ते कळेल.